अक्षरओळख

अक्षरओळख म्हणजे कागदावरचा आकार बघून लहान मुलाला त्याचा आवाज काढता येणं, आणि आवाज ऐकला की तो आकार आठवणं. मराठीत हे बालवाडी ते पहिलीच्या वयात होतं, हल्ली तर नर्सरीतच पाठीमागे लागतात. इंग्रजीच्या बाबतीत याला फोनिक्स म्हणतात आणि त्याचे क्लास गल्लोगल्ली निघालेत, पण मराठीलाही असं काही शिकवावं लागतं हे बऱ्याच आईबाबांना पटत नाही, कारण 'आपण बोलतो तसंच लिहितो' हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. ते बरंचसं खरं आहे, पूर्ण नाही, आणि पोरं अडतात ती नेमकी त्या उरलेल्या जागी.

आधी सोयीची बाजू सांगतो. इंग्रजीत अक्षराचं नाव एक, आवाज दुसरा. सी हे नाव, पण कॅटमध्ये क आणि सिटीमध्ये स, डब्ल्यूच्या नावात तर त्याच्या आवाजाचा पत्ताच नाही. म्हणून तिकडे आधी आवाज शिकवायचे की अख्खे शब्द ओळखू द्यायचे यावर वर्षानुवर्षं वाद चालले, इंग्लंडमध्ये वाचन कसं शिकवावं यावरच्या २००६ च्या रोझ अहवालानंतर आवाज-आधी पद्धत शाळांमध्ये पक्की झाली आणि २०१२ पासून तिथल्या छोट्या मुलांची त्यावर तपासणीही होते. आपल्याकडे क चं नाव क च, शिवाय वर्णमालेची मांडणीही तोंडातल्या जागेप्रमाणे, क ख ग घ घशाकडून निघतात आणि प फ ब भ म ओठांवर येऊन संपतात.

पण ही मांडणी व्याकरणवाल्यांच्या कामाची, पाच वर्षांच्या पोराच्या नाही. पहिल्याच ओळीच्या शेवटी ङ, ज्याचा एकही शब्द त्याला माहीत नसतो, दुसऱ्या ओळीच्या शेवटी ञ, तीच गत. म्हणून शाळेत ग म भ न असा क्रम आला, आकार एकमेकांच्या जवळचे, काढायला सोपे, आणि चारच अक्षरांत गगन, नमन, मन, मग, नभ असे शब्द वाचून होतात. वाचता आलं की पोरगं खूश. क ते ज्ञ घडाघडा म्हणणारं मूल वाचू शकतं असं मुळीच नाही, ती पुष्कळदा नुसती कविता पाठ असते, मधलंच ठ वर बोट ठेवून विचारा, क पासून मोजत येईल.

भिंतीवरचा तक्ता हा यातला स्वतंत्र विषय आहे. ई ईडलिंबाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, ख खटाऱ्याचा. यातलं पोरांनी बघितलंय काय? माझी भाची चार वर्षांची असताना बोट ठेवून मोठ्या आत्मविश्वासाने म्हणायची, 'ए बकरीचा', आणि खटाऱ्याला 'ख गाडीचा'. म्हणजे अक्षर चित्राला चिकटलं, आवाजाला चिकटलंच नाही. ण आणि ळ ने तर मराठीत शब्द सुरूच होत नाही, म्हणून बाणाचा ण आणि बाळाचा ळ, आवाज शब्दाच्या शेवटी, हे मुलाला सांगावं लागतं.

पूर्वी गावठी शाळेत पंतोजी धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवून घेत, धुळाक्षरं हा शब्द तिथला. सुरुवातीला 'ॐ नमः सिद्धम्' म्हणायचं, मुलांच्या तोंडी त्याचं 'ओनामासीधं' झालं आणि कुठल्याही सुरुवातीला ओनामा म्हणायची पद्धत पडली. गंमत म्हणजे बोटाने गिरवायची तीच कल्पना माँटेसोरीच्या खरखरीत कागदाच्या अक्षरांत परत आली, तिथे मूल बोट फिरवतं आणि आवाज उच्चारतं. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाडीचं जे काम केलं त्यात भर आधी गाणी, गोष्टी, हाताचं काम यांवर होता, आणि माझ्या मते ते बरोबरच, कारण ज्याला शब्दातला पहिला आवाज कानाने ओळखता येत नाही त्याला अक्षर दाखवून काय उपयोग.

आता अडचणीच्या जागा. सगळ्यात पहिली 'अ' ची. न आणि ळ सुटे म्हटले की दोन्हीत अ आहे, पण नळ म्हणताना शेवटचा अ गळतो. मूल आधी 'न… ळ… नळअ' असं म्हणतं, थांबतं, आणि मग एकदम 'नळ!' हा क्षण घरात कुणी बघितला असेल तर विसरणार नाही. करवत लिहायचं आणि म्हणायचं कर्वत, हे कुणी शिकवत नाही, पोरं आपसूक पकडतात किंवा पकडत नाहीत. दुसरी जागा च ज झ. चंद्राचा च वेगळा आणि चांदण्याचा वेगळा, चार आणि चारा घ्या, 'हे जग' आणि 'तू जग' घ्या, लिहिताना काडीचा फरक नाही. बाई तक्त्यावर चमच्याचा च शिकवतात आणि पुढच्या पानावर चिमणी येते, मूल तिला चमच्यातल्या च ने वाचतं, त्यात त्याची चूक काय? मग टिंब. गंगा, घंटा, दंत, आंबा, प्रत्येकात टिंबाचा आवाज पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, म्हणजे तक्त्यावर बेकार बसलेला ङ खरा गंगेच्या टिंबात राहतो.

कि मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडाने नंतर म्हणायची. र ची तर तऱ्हाच न्यारी, सूर्यात डोक्यावर, चक्रात पोटात तिरकी रेघ, राष्ट्रात ट च्या पायाशी, दऱ्यांत चंद्रकोर. श आणि ष चा आवाज आता बहुतेकांच्या तोंडी एकच, फरक फक्त ष ला 'पोटफोड्या' म्हणून लक्षात ठेवायचा.

आणि मुळात 'बोलतो तसं' म्हणजे कोण बोलतं? घरी पानी, लोनी म्हणणाऱ्या मुलाला ण हा आवाजच नवा असतो, वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो, मग बाळाचा ळ कुठून आणायचा. तिथे मुलाला हसण्यापेक्षा आवाज कानाला आधी ऐकवावा लागतो.

शेवटी नुसता आकडाच मोठा आहे. २००९ च्या शासन निर्णयात ॲ आणि ऑ धरून १४ स्वर आणि ३४ व्यंजनं दिली आहेत, म्हणजे बाराखडीची चौदाखडी झाली (बॅट आणि बॉल हे पोरांचे रोजचे शब्द, घ्यायलाच हवे होते), पण जुनी बारा धरली तरी ३४ गुणिले १२ म्हणजे ४०८ आकार, जोडाक्षरं वेगळीच. ही सगळी पाठ करायची नसतात, काना लागला की 'आ' होतो हे एकदा क वर कळलं की म वर आपोआप चालतं. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेली, मुलांच्या शिक्षणात काम करणारी 'प्रथम' ही संस्था बाराखडीचा तक्ता मुलांकडून मोठ्याने वाचून घेते, तो याचसाठी. याच संस्थेशी जोडलेल्या असर पाहणीत २००५ पासून गावोगावी मुलांसमोर अक्षरं, शब्द, उतारा आणि गोष्ट ठेवतात, त्यात अक्षरावरून शब्दावर जाताना कोण अडलं ते लगेच दिसतं.