दुसऱ्यांदा ऐकलेली गोष्ट

‘स्कॉटलंडमधले लोक जो आखूड, चुण्यांचा घागरा घालतात, त्याला साडी म्हणतात.’ अशा अर्थाचं एक विधान अमेरिकेतल्या एका प्रयोगात खरोखर वापरलं गेलं होतं. लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. लोकांना आधी काही विधानं नुसती वाचायला दिली. मग त्यात नवी विधानं मिसळली आणि प्रत्येक विधान किती खरं वाटतं, ते विचारलं. आधी नजरेखालून गेलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटली. ज्यांना योग्य उत्तर माहीत होतं, त्यांच्याही बाबतीत हेच घडलं. ‘मला माहीत आहे, मी नाही फसणार’ हा आपला भरवसा इथेच डळमळतो.

हा परिणाम पहिल्यांदा 1977 साली नोंदवला गेला. तेव्हा विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावून साठ-साठ विधानं ऐकवली होती. त्यातली वीस प्रत्येक वेळी तीच होती आणि त्यांच्यावरचा विश्वास दर फेरीत थोडा थोडा वाढत गेला. कारण साधं आहे. पूर्वी ऐकलेलं वाक्य मेंदूला चटकन उमगतं आणि ही सहजताच तो खरेपणाची खूण समजतो. एरवी हा आडाखा कामाचाही असतो, कारण रोजच्या व्यवहारात वारंवार कानावर येणारी बरीचशी माहिती खरीच असते.

मग शंभरदा सांगितलं की शंभरपट पटतं का? तसं नाही. एकच विधान 27 वेळा दाखवून पाहिलं, तेव्हा विश्वासात सर्वांत मोठी उडी दुसऱ्या वेळीच दिसली. पुढची वाढ हळूहळू मंदावत गेली. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते. अफवेला महिनाभर मोहीम चालवावी लागत नाही. सकाळी एका ग्रुपवर आणि संध्याकाळी दुसऱ्या ग्रुपवर दिसली, तरी तिचं बरंचसं काम होऊन जातं.

राजकारणात याला आणखी एक जोड मिळते. 2007 सालच्या एका संशोधनात लोकांना एकच मत कधी तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या तोंडून, तर कधी एकाच व्यक्तीच्या तोंडून तीनदा कळलं. हे मत समूहात किती जणांचं असेल, असं विचारल्यावर एकट्याने तीनदा सांगितलेलं मत जवळजवळ तिघांच्या मताइतकंच व्यापक वाटलं. प्रचाराच्या रिक्षावरून दिवसभर वाजणारी एकच ध्वनिफीत किंवा एका संध्याकाळी चार वाहिन्यांवर तेच वाक्य बोलणारा तोच प्रवक्ता आठवून पाहा. आवाज एकाचाच असतो, पण आपल्या मनात ‘सगळेच म्हणतायत’ अशी नोंद होते.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज देशभर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आणली. त्यानंतर अशा मेसेजची देवाणघेवाण 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. खरं-खोटं न तपासता केवळ पुनरावृत्तीला खीळ घालणारा हा उपाय मला योग्य वाटतो.

वाचणाऱ्याच्या हातीही काही आहे. विधान पहिल्यांदा वाचतानाच ‘हे खरं आहे का?’ असं विचारायला लावलं, तर आपल्याला माहीत असलेल्या विषयांत हा परिणाम नाहीसा होतो, असं 2020 मधल्या प्रयोगांत दिसलं. विषयच अनोळखी असेल, तर मात्र हा प्रश्न पुरत नाही.

अफवांचं खंडन करणाऱ्या पत्रकारांनीही शब्दांचा क्रम बदलायला हवा. 2005 सालच्या एका अभ्यासात ज्येष्ठ नागरिकांना काही दावे ‘खोटे आहेत’ असं वारंवार बजावलं होतं. तीन दिवसांनी त्यांना दावे ओळखीचे वाटले, इशारा मात्र विसरला होता आणि त्यातले अनेक दावे त्यांनी खरे मानले. म्हणून मथळ्यात अफवा आणि चौथ्या परिच्छेदात सत्य, ही मांडणी सोडायला हवी. सत्य मथळ्यातच यावं, आणि अफवेचा उल्लेख खाली एकदाच.