सर्फबोर्ड : घरगुती बांधणी

लाटेवर उभे राहून घसरत जाण्यासाठी लागणारी फळी हौशी कारागिराने कारखान्याबाहेर, स्वतःच्या हातांनी तयार करणे. फोमचा ठोकळा तासून त्याला आकार देणे (शेपिंग) आणि त्यावर काचतंतूंचे (फायबरग्लासचे) कापड रेझिनने (घट्ट होऊन कठीण बनणाऱ्या चिकट द्रवाने) बसवून कठीण कवच चढविणे (ग्लासिंग) हे या कामाचे दोन भाग होत. आकाराविषयी लोक फार बोलतात. पहिली फळी बिघडते ती मात्र बहुधा रेझिनपाशी. पोकळ लाकडी फळ्या हौसेने आजही केल्या जातात. ते सुतारकाम असल्याने या नोंदीत घेतलेले नाही.

इतिहास : हवाई बेटांवर फळ्या अखंड लाकडातून घडवीत. त्यासाठी कोआ, विलिविली आणि नीरफणस ही झाडे वापरात होती व तयार फळीला कुकुईच्या बियांचे तेल चोळीत. अशा फळ्यांचे वजन हीच मोठी अडचण होती. टॉम ब्लेक याने पोकळ फळीचा मार्ग काढला (अमेरिकन पेटंट, १९३२) आणि १९३५च्या सुमारास फळीच्या तळाला पर (फिन, माशाच्या परासारखी उभी पट्टी) बसविला. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन ही दोन्ही द्रव्ये १९३०–४० या दशकात तयार झाली आणि दुसऱ्या महायुद्धातील उत्पादनामुळे कॅलिफोर्नियातील कारागिरांच्या हाती आली.

काचतंतूची पहिली फळी कोणी केली, याविषयी मतभेद आहेत. पीट पीटरसन याने १९४६मध्ये केलेल्या फळीला बहुतेक इतिहासलेखक पहिला मान देतात. तथापि ती फळी साच्यात केलेल्या दोन पोकळ अर्ध्या भागांची असून मध्ये रेडवुड लाकडाची पट्टी घालून ते भाग जोडलेले होते. म्हणजे ती काचतंतूची फळी होती, काचतंतूने मढविलेली नव्हे. हलक्या गाभ्यावर कवच चढविण्याच्या आजच्या पद्धतीचे मूळ शोधायचे, तर त्याच सुमारास बॉब सिमन्स करीत असलेल्या प्रयोगांकडे आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस जो क्विग व मॅट किव्हलिन यांनी केलेल्या, काचतंतूने मढविलेल्या बाल्सा (अतिशय हलके लाकूड) फळ्यांकडे पाहावे लागते. वाद काही अंशी व्याख्येचा आहे. आजच्या घरगुती कारागिराची वंशावळ मात्र दुसऱ्या शाखेकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

सिमन्सने १९४९च्या सुमारास केलेली रचना या दृष्टीने बोलकी आहे : पॉलिस्टायरीन फोमचा गाभा, त्यावर प्लायवूड, कडांना बाल्सा आणि सर्वांत वर काचतंतू. मधले प्लायवूड केवळ मजबुतीसाठी नव्हते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन द्रवरूपात असते व ते पॉलिस्टायरीनला विरघळवून टाकते, म्हणून या दोघांचा स्पर्श टाळावा लागे. हा अडसर पॉलियुरेथेन फोमने दूर केला, कारण त्यावर स्टायरीनचा तसा परिणाम होत नाही. त्याच्या श्रेयाविषयीही दोन मते आहेत. डेव्ह स्वीट १९५६च्या सुमारास अशा फळ्या करीत होता असे एक मत. होबी ऑल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी १९५८मध्ये त्या बाजारात आणल्या, हे दुसरे. स्वीटचा कालक्रमाचा दावा ग्राह्य दिसतो, परंतु तयार ठोकळे इतरांना विकण्याचा उद्योग क्लार्कने उभा केला व घरगुती बांधणीच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरला. फोम स्वतः ओतण्याची गरज त्यामुळे संपली. क्लार्कचा कारखाना ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाला, तेव्हा अमेरिकेतील बहुसंख्य फळीकारांचा पुरवठा एका दिवसात तुटला. पॉलिस्टायरीन व इपॉक्सी (पॉलिस्टायरीनला न विरघळविणारे दुसरे रेझिन) या जोडीला त्यानंतर अधिक वाव मिळाला.

ठोकळा व आकार : बाजारातील ठोकळ्याला ‘ब्लँक’ म्हणतात. त्याच्या मध्यातून लांबीभर लाकडी पट्टी (स्ट्रिंगर) जाते. ती फळीला वाकण्यापासून सावरते आणि मापांची मध्यरेषाही होते. बाह्याकृतीचा साचा अर्ध्याच फळीचा करून या रेषेवर उलटवितात, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या येतात. कडा करवतीने कापून, जाडी विजेच्या रंध्याने उतरवून, शेवटी कडांची गोलाई (रेल) खडबडीत किसणीने व पॉलिश पेपरने काढतात. स्ट्रिंगर फोमपेक्षा कठीण असल्याने पॉलिश पेपरखाली तो वर राहतो; त्याला छोटा रंधा वेगळा मारावा लागतो.

पॉलियुरेथेन ठोकळ्याचा बाहेरचा थर आतल्यापेक्षा घट्ट असतो. नवशिके चूक दुरुस्त करण्याच्या नादात जितके अधिक तासतात, तितका मऊ फोम उघडा पडतो व पुढे टाचांखाली खड्डे पडतात. कसबी कारागीर दिवे छताला न लावता दोन्ही बाजूंना, फळीच्या उंचीला लावतात, कारण तिरप्या उजेडात उंचवटे सावलीने उघडे पडतात. डोक्यावरच्या दिव्याखाली प्रत्येक फळी गुळगुळीतच दिसते.

काचतंतूचे आवरण : फळीची ताकद मुख्यतः या कवचात असते, फोमचे काम दोन कवचांना एकमेकांपासून दूर धरण्याचे. कापड वजनावरून ओळखले जाते. नेहमीची दोन वजने दर चौरस यार्डाला ४ व ६ औंस (सुमारे १३६ व २०३ ग्रॅम प्रति चौ. मी.) अशी आहेत. तळाला एक आणि पायाखालच्या बाजूला दोन थर ही रूढ योजना आहे. सामान्यतः तळ आधी करतात, कापड कडेवरून वर गुंडाळतात, मग फळी उलटून दुसरी बाजू करतात. त्यामुळे कडांवर थर एकमेकांवर येऊन तेथे जाडी मिळते.

पॉलिएस्टर रेझिन घट्ट व्हावे म्हणून त्यात एमईकेपी (मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड) साधारण १ ते २ टक्के घालतात. मिश्रण घट्ट होताना उष्णता सोडते, म्हणून खोल भांड्यात ठेवलेले रेझिन फळीवर पसरलेल्या रेझिनच्या आधी आवळते, क्वचित धुरावते. ते लगेच कापडावर ओतून रबरी पट्टीने मध्याकडून कडांकडे ओढावे लागते. भिजलेले कापड पारदर्शक होते. पांढुरके ठिगळ दिसले तर तेथे रेझिन पोहोचलेले नाही. उलट, साचून राहिलेले रेझिन मजबुती न वाढविता फक्त वजन वाढविते.

या पहिल्या थराचे रेझिन हवेच्या संपर्कात चिकट राहते. हा दोष नसून सोय आहे, कारण पुढचा थर त्याला नीट धरतो. त्यावर मेणमिश्रित रेझिनचा लेप (हॉट कोट) देतात. मेण पृष्ठावर येऊन हवा अडविते, म्हणून हा लेप घासण्याजोगा कठीण होतो. पहिल्या थरासाठी चुकून मेणाचे रेझिन वापरले आणि न घासता वर दुसरा थर दिला, तर पुढे पापुद्रे सुटतात.

इपॉक्सीत हार्डनरचे प्रमाण ठरलेले असते. लवकर घट्ट व्हावे म्हणून ते वाढविता येत नाही. पॉलिस्टायरीनच्या मण्यांमध्ये हवा अडकलेली असते व तापमान चढताना ती बाहेर येऊन ओल्या थरात बुडबुडे करते. म्हणून हे काम तापमान उतरत असताना, बहुधा सायंकाळी करतात.

धोके : स्टायरीनची वाफ, घासताना उडणारी काचेची व फोमची धूळ यांसाठी योग्य गाळण्यांचा मुखवटा लागतो, साधे फडके वाफ अडवीत नाही. एमईकेपी डोळ्यांत गेल्यास कायमची इजा होऊ शकते. कोबाल्टयुक्त प्रवेगक व एमईकेपी थेट एकत्र केल्यास स्फोट संभवतो. रेझिनमध्ये प्रवेगक बहुधा आधीच मिसळलेला असतो, तो वेगळा घालावा लागू नये हेच बरे. इपॉक्सीने वारंवार स्पर्शानंतर कायमची ॲलर्जी जडू शकते.

पर व अखेरचे काम : पर काचतंतूने थेट जोडतात किंवा कवचात खाचा बसवून काढता-घालता येण्याजोगे ठेवतात. तीन परांची मांडणी सायमन अँडरसन याने १९८०–८१मध्ये रूढ केली. शेपटाकडे पायदोरीसाठी छोटी वाटी बसवितात. पॉलिश पेपरचे दाणे क्रमाने बारीक करीत घासणे हे काम वेळखाऊ आहे. त्यात कापड उघडे पडले तर पाणी आत शिरण्याची वाट तयार होते. पाण्यात नेण्यापूर्वी फळी काही दिवस सावलीत ठेवतात, कारण हाताला कोरडे लागलेले रेझिन आतून अद्याप पक्के झालेले नसते.