कामगार नुकसानभरपाई विमा : मालकाची सूट (अमेरिका)

काम करताना इजा झाली, तर चूक कोणाची हे न पाहता औषधोपचार आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग देणारा विमा मालकाने काढलाच पाहिजे, असा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचा कायदा आहे. बोलण्यात याला ‘वर्कर्स कॉम्प’ म्हणतात. छोट्या कंपनीच्या मालकाने ‘मला स्वतःला हे संरक्षण नको’ असे सरकारदरबारी लिहून देणे म्हणजे सूट, रोजच्या भाषेत ‘एक्झेम्प्शन’. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. या नोंदीत मुख्यतः फ्लोरिडाची पद्धत दिली आहे, कारण सूट मिळाल्याचा कागद तिथे बांधकामाच्या धंद्यात रोजच्या रोज हाताळला जातो.

मालक कामगार कसा, हा पहिला प्रश्न. धंदा कंपनी म्हणून नोंदवला की कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती होते आणि तिच्यासाठी राबणारा पदाधिकारी (अध्यक्ष, सचिव वगैरे) तिचा नोकर ठरतो. एकट्याने नळकाम करणाऱ्या माणसाने कंपनी काढली, तर तो स्वतःच्याच कंपनीचा कामगार होतो आणि त्याच्या नावाने हप्ता भरावा लागतो. हप्ता पगाराच्या दर शंभर डॉलरमागे आकारतात आणि त्याचा दर कामाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. टेबलावरच्या कारकुनी कामाचा वर्ग ८८१०, छप्पर घालण्याच्या कामाचा ५५५१. या दोन दरांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यामुळे सूट घ्यावी असे कारकुनापेक्षा छपरावर चढणाऱ्याला जास्त वाटते, म्हणजे विम्याची ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच तो सोडायला निघतो. या व्यवस्थेतली ही गंमत म्हणा की विसंगती, ती आजही तशीच आहे.

हे कायदे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. विस्कॉन्सिनचा कायदा १९११ साली लागू झाला, फ्लोरिडाचा १९३५ साली आला, मिसिसिपीने सगळ्यात शेवटी १९४८ साली केला. टेक्ससमध्ये खासगी मालकाला हा विमा आजही ऐच्छिक आहे. मूळ सौदा असा, की कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडायचा आणि बदल्यात भरपाई हमखास मिळवायची. सूट घेणारा मालक या सौद्यातून उठून जातो. त्याला काही झाले, तर या कायद्याखाली एक डॉलरही मिळत नाही.

फ्लोरिडात बांधकामाच्या धंद्यात एक जरी कामगार असला तरी विमा सक्तीचा, आणि त्या एकात कंपनीचा पदाधिकारी मोजला जातो. बांधकामाबाहेरच्या धंद्याला ही सक्ती चार कामगारांपासून लागते. शेतीचे आकडे आणखी वेगळे. बांधकामातल्या कंपनीत जास्तीत जास्त तीन पदाधिकारी सूट घेऊ शकतात आणि प्रत्येकाची मालकी किमान १० टक्के लागते. एकाच घरच्या चार कंपन्या काढून बारा जणांना सूट मिळवू म्हटले, तर तीही वाट बंद आहे, कारण संलग्न कंपन्यांचा गट मिळून तीनच. एकट्या मालकीचा धंदा किंवा भागीदारी असेल, तर बांधकामात सूट मिळतच नाही. १ जानेवारी २००४ पासून हा दरवाजा बंद झाला, तेव्हापासून सूट हवी तर आधी कंपनी काढावी लागते. बांधकामाबाहेर मात्र नेमके उलटे आहे : तिथे एकटा मालक आपोआपच विम्याबाहेर असतो आणि आत यायचे असेल तर त्याला अर्ज करावा लागतो.

अर्ज राज्याच्या वित्तसेवा खात्याच्या कामगार भरपाई विभागाकडे ऑनलाइन होतो. त्याआधी कंपनी राज्याच्या कंपनी नोंदणी विभागाकडे चालू स्थितीत असावी आणि अर्जदाराचे नाव तिथे पदाधिकारी म्हणून दिसावे. अर्ज अडकतो तो बहुतेक इथेच : वार्षिक विवरण भरायचे राहून गेलेले असते, किंवा नोंदणीत नाव एका पद्धतीने आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसऱ्या. बांधकामासाठी शुल्क ५० डॉलर, इतर धंद्यांना शुल्क नाही. प्रत्येक पदाधिकाऱ्याचा अर्ज वेगळा. प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, आपोआप वाढत नाही, मुदत संपण्याआधी पुन्हा अर्ज करावा लागतो. खोटी माहिती देणे हा फौजदारी गुन्हा आहे.

प्रमाणपत्रावर एका माणसाचे नाव, एका कंपनीचे नाव आणि धंद्याचा प्रकार असतो. कागदाची ताकद तेवढीच, आणि सगळे गैरसमज इथूनच निघतात.

समजा, फरशी बसवणारा एक जण सूट घेऊन साइटवर आला. सोबत सिमेंट कालवायला एक पोऱ्या आणला, दोन दिवसांसाठी, रोख मजुरीवर. चौकशी अधिकारी येतो, दोघांची नावे विचारतो आणि तिथेच फोनवर राज्याची नोंदवही उघडून पाहतो. फरशीवाल्याची सूट दिसते. पोऱ्याचे नाव कुठेच नाही, ना सुटीत, ना कुठल्या पॉलिसीत. ‘माझ्याकडे एक्झेम्प्शन आहे ना’ हे उत्तर तिथे चालत नाही, कारण सूट माणसाला असते, कंपनीला नसते. काम थांबवण्याचा हुकूम निघतो, तो साइटवर चिकटवतात, आणि चुकवलेल्या हप्त्याच्या दुप्पट दंड बसतो. हुकूम असूनही काम चालू ठेवले, तर दर दिवसाला १,००० डॉलर वेगळे. हाच माणूस शनिवारी मेहुण्याच्या कंपनीसाठी फरशी बसवायला गेला, तर तिथेही ही सूट कामाची नाही.

मुख्य कंत्राटदाराचा यात थेट स्वार्थ असतो. पोटकंत्राटदाराने विमा काढला नसेल, तर त्याच्या माणसांची भरपाई कायद्याने वरच्या कंत्राटदाराच्या गळ्यात येते. शिवाय वर्ष संपले की विमा कंपनी हिशेब तपासते. ज्या पोटकंत्राटदाराच्या नावापुढे ना पॉलिसी, ना सुटीचे प्रमाणपत्र, त्याला दिलेल्या पैशांवर ती मुख्य कंत्राटदाराकडून हप्ता वसूल करते. म्हणून जाणते कंत्राटदार पहिला चेक देण्याआधीच प्रमाणपत्राची प्रत मागून फायलीला लावतात आणि मुदतीची तारीख लिहून ठेवतात.

यातूनच एक वाईट चाल निघाली. हाताखालच्या मजुराला सांगायचे, ‘तू कंपनी काढ, सूट घेऊन ये, मग काम देतो.’ कागदावर तो मालक, प्रत्यक्षात सकाळी सात वाजता हुकूम ऐकणारा मजूरच. नोकरीची अट म्हणून कामगाराला सूट घ्यायला भाग पाडणे हा फ्लोरिडात गुन्हा आहे. पण शिडीवरून पडेपर्यंत अशा मजुराला आपण नेमके काय सोडून दिले ते कळत नाही. काही आरोग्य विमा पॉलिसी कामावरच्या इजेचा खर्च देत नाहीत, तेव्हा सूट घेण्याआधी आपल्या पॉलिसीतले ते कलम वाचणे ५० डॉलरच्या अर्जापेक्षा महत्त्वाचे.

इतर राज्यांत ‘सूट’ हा शब्द वेगळ्या अर्थानेही येतो. न्यूयॉर्कमध्ये परवाना किंवा सरकारी कंत्राट मागताना, आपल्याला हा विमा लागू नाही असे लिहून देणारे सीई-२०० प्रमाणपत्र काढतात. ते त्या त्या कामापुरतेच. पुढच्या परवान्याला नवे. कॅलिफोर्नियात १० टक्के किंवा जास्त मालकी असलेला पदाधिकारी लेखी नकार देऊन बाहेर राहू शकतो, पण छप्पर घालण्याचे लायसन्स घेतलेल्या कंत्राटदाराला एकही कामगार नसला तरी विमा ठेवावाच लागतो. वर सांगितलेली विसंगती निदान छपराच्या धंद्यापुरती तिथे मिटवली आहे.

मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत चित्र आणखी निराळे. तिथे एकट्या मालकीच्या धंद्यात मालक मोजला जात नाही, पण धंदा कॉर्पोरेशन म्हणून नोंदवला आणि पदाधिकारी मोबदल्यासाठी काम करत असला, तर तो एकटा असला तरी विमा हवा. घरच्या टेबलावर लॅपटॉप उघडून सल्लागारी करणाऱ्या एकखांबी कंपन्यांना हे बऱ्याचदा सरकारी नोटीस आल्यावर कळते. भारतातल्या १९२३ च्या कायद्यात (आधी ‘कामगार’, २०१० पासून ‘कर्मचारी’ भरपाई कायदा, २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) मालकाच्या सुटीचा असा अर्ज नव्हता. त्यात मालक फक्त देणेकरी होता, त्यामुळे इथून गेलेल्या माणसाला तिथल्या अर्जात मालक आणि कामगार अशा दोन्ही रकान्यांत आपलेच नाव पाहून सुरुवातीला चक्रावल्यासारखे होते.