मनालीला सायकल नेताय? गाडीत चढवण्याआधी एवढं वाचा

उन्हाळ्यात सायकल आणि क्लाइंबिंगच्या सहलीची आमची व्हॅन ठाण्याहून मनालीला पोचली की तिथल्या अंगणात दरवेळी तेच घडतं. सामान उतरतं, चहा येतो आणि कुणीतरी हाक मारतं, "दादा, पुढचं चाक बसत नाहीये." मागच्या मे महिन्यात आठातल्या पाच सायकलींचं चाक बसेना. पहिली सकाळ त्यातच गेली आणि क्लाइंबिंगवाली मंडळी हार्नेस घालून आमच्या तोंडाकडे बघत बसली.

कारण एकच. चाक काढलेलं असताना ब्रेकचं लिव्हर दाबलं गेलं होतं.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये लिव्हर दाबलं की तेल पिस्टनला ढकलतं आणि पॅड रोटरला, म्हणजे चाकावरच्या पातळ चकतीला, धरतात. पॅड झिजतील तसे पिस्टन आपणहून थोडे पुढे सरकून राहतात, म्हणून केबलसारखं सारखं ताणत बसावं लागत नाही. पण मध्ये रोटरच नसेल तर तेच पिस्टन पुढे येतात ते मागे जायचं नाव घेत नाहीत. पॅड एकमेकांना चिकटतात आणि जेमतेम दोन मिलिमीटरचा रोटरही आत शिरत नाही.

मुद्दाम कुणी दाबत नाही, हे आम्हालाही कळतं. सायकल उचलताना हात सवयीने तिथेच जातो. बच्चेकंपनी गंमत म्हणून दाबून बघते. कधी एकीचं पेडल दुसरीच्या लिव्हरवर टेकतं आणि गुजरात ओलांडेपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला बिचारीचा ब्रेक लागत राहतो.

उपाय पाच पैशांचा. पॅडच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवायची. नवीन सायकलच्या खोक्यात ती येते आणि सगळे ती फेकून देतात. आमच्या काउंटरवर बरणीभर ठेवल्या आहेत, फुकट घ्या. नाहीच मिळाली तर पुठ्ठा दुमडून घाला.

तरीही दाबलं गेलंच, तर स्क्रूड्रायव्हर घालू नका. पॅडला चरे पडतात, पिस्टनचा टवका उडू शकतो. प्लास्टिकचं टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) घालून हळूहळू मागे रेटा. तेल गळायला लागलं तर मात्र हात लावू नका, आम्हाला सांगा. शिमानो कंपनीच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकना डॉट नावाचं वेगळं तेल. एकाचं दुसऱ्यात गेलं तर सील खराब होऊन ब्रेकच जातो. दोन्ही तेलं आमच्या पेटीत असतात. ब्लीडिंगचे, म्हणजे ब्रेकमधली हवा काढून तेल भरण्याचे, पैसे वेगळे पडतात आणि त्यात घासाघीस चालत नाही. रोहतांग ३९७८ मीटरवर, मनाली दोन हजारांच्या आसपास. एवढा उतार अर्धवट ब्रेकवर आम्ही कुणाला उतरू देत नाही, मग तो कितीही जुना गिऱ्हाईक असो.

म्हणूनच सायकली आदल्या संध्याकाळी वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये आणायला सांगतो. "रात्री माजिवड्याला येतो, तिथेच चढवू" असं दरवेळी कुणीतरी म्हणतंच. पुलाखाली, बसच्या हॉर्नमध्ये, मोबाइलच्या उजेडात सायकल नीट बांधली जात नाही. टपावर का नाही, असंही विचारतात. जवळपास दोन हजार किलोमीटरची धूळ आणि पाऊस बेअरिंगमध्ये जातो, शिवाय झाडाच्या फांद्या हँडल ओढतात. आतल्या स्टँडमुळे दोन सीट कमी होतात, भाडं थोडं जास्त वाटतं ते त्यामुळे.

टायरची हवा काढायची का? नको. चार हजार मीटरवर बाहेरचा दाब घटल्याने टायरमध्ये फार तर पाच-सहा पीएसआय वाढल्यासारखे होतात. वेफर्सचं पाकीट फुगतं, टायरला काही होत नाही.

क्लाइंबिंगवाल्यांनो, रोप चेनच्या तेलाजवळ चालेल एकवेळ, बॅटरीजवळ अजिबात नाही. अ‍ॅसिडने नायलॉन आतून कमजोर होतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणून रोप आणि स्लिंगसाठी आम्ही झाकणाचा वेगळा डबा ठेवलाय. त्यात सायकलवाल्यांनी चपला टाकू नयेत.

छत्रूच्या बोल्डरसाठी, म्हणजे रोपशिवाय चढायच्या मोठ्या दगडांसाठी, मेमधलं बुकिंग आम्ही टाळतो. अटल बोगद्यापलीकडे ग्राम्फूवरून आत जाणारा रस्ता बर्फावर अवलंबून, कधी मेअखेर उघडतो, कधी जूनमध्ये. इकडे शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, ही अडचण ठाऊक आहे. मुलं बरोबर असतील तर सोलांग आणि मनालीच्या आसपासचा बेत देतो. छत्रू तेहतीसशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा तिथे मुक्काम करण्याआधी मनालीत दोन रात्री काढायच्याच. बोगद्यामुळे पोचायला वेळ लागत नाही, अंगाला सवय व्हायला तेवढाच लागतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी येऊर किंवा घोडबंदरला एक चक्कर मारा आणि ब्रेकचा आवाज ऐका. चरचर आली तर सायकल आणून द्या, सहलीच्या गिऱ्हाइकांचं पॅड बदलण्याची मजुरी आम्ही घेत नाही, फक्त पॅडचे पैसे.

आणि आणताना चाक काढून आणू नका. ते आम्हीच काढू.