ट्रॅव्हल एजंट की ट्रॅव्हल मॅनेजमेंट कंपनी? नाशिकच्या कारखान्यांसाठी

दोघांच्याही पाटीवर ‘कॉर्पोरेट ट्रॅव्हल’ असतं आणि तिकीट दोघांकडूनही व्हॉट्सॲपवरच येतं. त्यामुळे अंबड-सातपूरच्या अनेक कारखान्यांत महिन्याच्या उधारीवर तिकिटं काढून देणाऱ्या एजंटलाच ट्रॅव्हल मॅनेजमेंट कंपनी समजलं जातं. खरा फरक कळतो तो तिकीट रद्द झाल्यावर आणि अकाउंट्सवाले बिलं जुळवायला बसल्यावर.

एजंट भाडं सांगतो, तुम्ही हो म्हणता, काम झालं. मॅनेजमेंट कंपनी आधी तुमचे नियम तिच्या ऑनलाइन बुकिंग पोर्टलमध्ये भरून घेते: कोणत्या हुद्द्याला किती दराचं हॉटेल, किती दिवस आधी बुकिंग, मंजुरी कोणाची. नियमाबाहेरचं बुकिंग मंजुरीसाठी अडतं. तुमचे नियमच ठरलेले नसतील तर त्या पोर्टलचे पैसे वाया जातात.

सगळ्यात जास्त पैसे जीएसटीत गळतात. विमान तिकिटावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो कर तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा करून, हवं असेल तर बुकिंग करतानाच तुमचा जीएसटी क्रमांक टाकावा लागतो. विमान कंपनीचं इनव्हॉइस तुमच्या नावाने निघून जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या मासिक विवरणात, दिसायला हवं. इकॉनॉमीवर हा कर ५ टक्के आहे, बिझनेस क्लासवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. एजंटने ‘तिकीट ९,४००’ असं एकरकमी बिल दिलं तर त्या कागदावर विमानाच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, आणि भाड्यात त्याने किती चढवले तेही कळत नाही. भाडं, विमानाचे कर, सेवाशुल्क आणि सेवाशुल्कावरचा १८ टक्के जीएसटी असे वेगळे आकडे मागा. हॉटेलचं गणित निराळं आहे: चेन्नईत राहिलात तर तामिळनाडूचा एसजीएसटी (जीएसटीतला राज्याचा वाटा) लागतो. तिथे तुमची नोंदणी नसेल तर ते क्रेडिट कोणीच मिळवून देऊ शकत नाही, कुणी तसं सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

रद्द तिकिटाचा परतावा बहुधा एजंटच्या वॉलेटमध्ये (बुकिंगसाठीच्या त्याच्या ऑनलाइन खात्यात) जमा होतो. तो तिथेच पडून राहिला आणि क्रेडिट नोटही (बिल कमी केल्याचा कागद) आली नाही, तर वर्षाअखेरीस हिशोब जुळत नाही. मॅनेजमेंट कंपनीकडून दर महिन्याला बाकी परताव्यांची यादी मागता येते. एजंटकडूनही मागा, चांगला एजंट देतो.

मात्र नाशिकसाठी एक बाब स्थानिक एजंटच्या बाजूने जाते. नाशिकच्या ओझर विमानतळाहून थेट विमानं मोजक्याच शहरांना आहेत, बाकी प्रवास मुंबईहून. म्हणजे विमानाला जोडून गाडी आलीच. रात्री उड्डाण लांबलं तर ड्रायव्हरला थांबवून ठेवणारा माणूस लागतो, आणि मॅनेजमेंट कंपनीचं बाहेरगावचं कॉल सेंटर अनेकदा तिकिटापुरतंच पाहतं. करारात गाडीची जबाबदारी लिहून घ्या. रेल्वेच्या तत्काळवर कोणाच्याही भरवशावर राहू नका: अधिकृत एजंटलाही पहिली ३० मिनिटं तत्काळ तिकीट काढता येत नाही.

आमच्या मते महिन्याला दहा-पंधरा प्रवास असतील तर वेगळे आकडे दाखवणारं बिल देणारा एजंट पुरे. चाळीस-पन्नासच्या पुढे गेलात किंवा पुण्या-मुंबईतही कार्यालयं असतील, तर मॅनेजमेंट कंपनी परवडते. ठरवण्याआधी दोघांना एकाच वेळी त्याच दोन मार्गांचे दर विचारा आणि विमान कंपनीच्या साइटशी ताडून पाहा. भाड्यासोबत तारीख बदलण्याचं शुल्कही विचारा, कारण कॉर्पोरेट भाड्यात ते बहुधा कमी असतं. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी नाशिकच्या हॉटेलांचे ठरीव दर मिळत असतील, तर २०२७ च्या सिंहस्थाच्या तारखांना ते लागू आहेत का, हे लेखी घ्या. आणि करार मोडला तर अडकलेले परतावे व जुन्या बुकिंगचा डेटा किती दिवसांत मिळणार, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.