मुल्होलँड, सेंट क्लेअर ऑगस्टिन

(१ एप्रिल १८३९ – १७ फेब्रुवारी १९१०). अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) आयरिश सेनाधिकारी व ‘मेडल ऑफ ऑनर’ या शौर्यपदकाचा मानकरी. जन्म आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात लिझबर्न येथे. बालपणीच तो आईवडिलांबरोबर फिलाडेल्फियाला आला. १८६२ मध्ये तो पेनसिल्व्हेनियाच्या ११६ व्या पायदळ पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. ही पलटण उत्तरेच्या (संघराज्याच्या) सैन्यातील आयरिश ब्रिगेडमध्ये होती. फ्रेडरिक्सबर्ग येथे मेरीज हाइट्सवरील हल्ल्यात (१३ डिसेंबर १८६२) तो जखमी झाला. पलटण इतकी खचली, की उरलेल्यांच्या जेमतेम चार कंपन्या भरल्या आणि मुल्होलँडला मेजरचा हुद्दा पत्करावा लागला.

पदक नेमके कोणत्या कामगिरीसाठी, याविषयी चरित्रकारांत घोळ आढळतो. चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत ३ मे १८६३ रोजी मेन राज्याच्या पाचव्या तोफखान्याचे अधिकारी व घोडे पडले, तेव्हा बेवारस तोफा पायदळाने हातांनी ओढून मागे आणल्या. हे श्रेय बहुधा मुल्होलँडला दिले जाते. मात्र इतर पेनसिल्व्हेनियन पलटणींनीही त्यावर हक्क सांगितला आहे. मानपत्रात तोफांचा उल्लेखच नाही. सैन्याची माघार सुरक्षित व्हावी म्हणून आघाडीच्या पहाऱ्याचे नेतृत्व करीत त्याने शत्रूला रात्रभर थोपवून धरले, एवढेच त्यात म्हटले आहे. तेथे तारीख ४–५ मे अशी आहे. परंतु उत्तरेचा सेनापती जोसेफ हूकर याचे सैन्य रॅपहॅनक नदी ओलांडून परतले ते ५–६ मेच्या रात्री. बत्तीस वर्षांनंतर, २६ मार्च १८९५ रोजी पदक देताना नोंदीत एका दिवसाची गफलत झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अशी उशिरा दिलेली पदके त्या दशकात पुष्कळ आहेत. १८९७ मध्ये पुराव्याचे नियम कडक झाले. १९१६–१७ च्या फेरतपासणीत ९११ नावे वगळली गेली, त्यांत मुल्होलँडचे नाव नव्हते.

गेटिसबर्ग येथे २ जुलै १८६३ रोजी फादर विल्यम कॉर्बी यांनी लढाईपूर्वी ब्रिगेडला दिलेल्या सामुदायिक पापक्षमेचे प्रसिद्ध वर्णन मुल्होलँडचेच. तो स्वतः तेथे हजर होता. मात्र वर्णन बऱ्याच काळाने लिहिलेले असल्याने बारकाव्यांबाबत जपून राहावे. १८६४ च्या मोहिमेत तो पुन्हा जखमी झाला. पुढे त्याला मानद मेजर जनरल हा हुद्दा मिळाला. १८६८ मध्ये तो फिलाडेल्फियाचा पोलीसप्रमुख झाला. पलटणीचा इतिहासही त्यानेच लिहिला. फिलाडेल्फिया येथे त्याचे निधन झाले.