पडदा पातळ झाला म्हणजे अल्झायमर झाला, असं नाही

नाशिकमधल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड सारखा फिरतो: ‘डोळ्यांचा स्कॅन करा, अल्झायमर ७ वर्षं आधी कळतो.’ तो वाचून इंदिरानगर, पंचवटीकडची मंडळी डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) स्कॅनचा, म्हणजे ओसीटीचा, जुना रिपोर्ट कपाटातून काढतात, त्यात लाल रंग दिसतो आणि घरभर काळजी पसरते. दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाल्याने हे घडतं: आजाराच्या धोक्याचा अंदाज आणि आजाराचं निदान.

मधुमेह असलेल्यांना पडद्याची तपासणी नवीन नाही. फंडस कॅमेरा पडद्याचा समोरून फोटो काढतो, ओसीटी त्याच पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दाखवून जाडी मायक्रॉनमध्ये मोजतं. दोन्हींत क्ष-किरण नसतात. एवढं पुरे.

मेंदूच्या आजारासाठी डोळा का बघायचा, हा प्रश्न रास्त आहे. गर्भात डोळ्याचा पडदा मेंदूपासूनच तयार होतो आणि त्यातले मज्जातंतू थेट मेंदूत जातात. म्हणून हे संशोधन मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ३२,०३८ लोकांच्या अभ्यासात पडद्यातल्या मज्जातंतूंचा थर ज्यांचा पातळ, त्यांची स्मरणशक्ती आणि आकलनाच्या चाचण्यांतली कामगिरी सरासरीने कमी दिसली. २०२३ च्या अभ्यासात काही थरांतला फरक आजार ओळखला जाण्याच्या ७ वर्षं आधीपर्यंत आढळला. पण तो आजार पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. फॉरवर्डमध्ये त्याचा अल्झायमर कोणी केला, देव जाणे.

आता खरी मेख. असे अभ्यास हजारो लोकांच्या सरासरीबद्दल बोलतात, तुमच्याबद्दल नाही. समजा, तुमच्या वयाच्या १,००० जणांपैकी पुढच्या काही वर्षांत २० जणांना स्मृतिभ्रंश होणार आहे. थर पातळ असलेल्यांत हे प्रमाण दुप्पट धरलं, तरी हजारात ४० होतात. उरलेल्या ९६० जणांचा थर पातळ आहे, पण आजार नाही. आणि थर जाड असलेल्यांतही काहींना तो होणारच. गटासाठी ‘दुप्पट धोका’ ही मोठी बातमी असते. पुढे औषधांच्या चाचण्यांसाठी माणसं निवडताना ती फार उपयोगी पडेल. पण एका आजोबांना समोर बसवून त्यावरून ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगता येत नाही.

त्यात रिपोर्टमधला लाल रंग अल्झायमरबद्दल काहीच बोलत नाही. मशीनमध्ये साठवलेल्या निरोगी लोकांच्या मोजमापांशी तुलना करून तुमचा थर फार पातळ निघाला, एवढाच त्याचा अर्थ. कारण काचबिंदू असू शकतं. चष्म्याचा मोठा मायनस नंबर असू शकतो, त्यात तर निरोगी डोळाही लाल दिसतो. मोतीबिंदूमुळे सिग्नल कमी मिळाला तरी आकडा चुकतो. स्कॅन कोणत्या दर्जाचा आला हे न बघता नुसता रंग वाचणारे भेटले की मला राग येतो.

केवळ विस्मरणाच्या भीतीपोटी ओसीटी करून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ‘मेंदूसाठी डोळ्यांचा स्कॅन’ कोणी विकत असेल, तर सरळ नाही म्हणा.

लाल रिपोर्ट मात्र कपाटात परत ठेवू नका. आधी काचबिंदूची तपासणी करा: डोळ्याचा दाब, दृष्टिक्षेत्राची चाचणी, डोळ्याच्या नसेची पाहणी. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेवर थेंब सुरू केले तर उरलेली बहुतेकदा टिकते. आणि घरात कोणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, रोजचा रस्ता चुकत असेल, तर त्यांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. तिथे स्मरणशक्तीची चाचणी होते, बी-१२ आणि थायरॉईड तपासतात. विसरण्यामागे या दोहोंपैकी काही निघालं, तर त्यावर उपचार आहेत.